निरीक्षण वहीत घरच्या माणसाचं वागणं कसं मांडायचं? (मानसशास्त्र, बी.ए. पहिलं वर्ष)

कास्तकाराची सून, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. माझं वय ३९. बारावी झाली त्याच वर्षी लग्न झालं आणि पुढचं शिक्षण वावर, घर, दोन लेकरं यांच्यात राहून गेलं. मोठी मुलगी यंदा बारावीला आहे. तिनंच माझा फॉर्म भरला. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष, आणि विषयांत मानसशास्त्र घेतलं आहे. सव्वासातच्या एसटीनं जाते, दीडला परत येते.

विषय मला फार आवडला, हे आधी सांगते. १८७९ साली वुण्टनं लायपझिगला काढलेली पहिली प्रयोगशाळा, मग अन्नासोबत घंटा ऐकून ऐकून नुसत्या घंटेलाही लाळ गाळणारे पावलॉव्हचे कुत्रे, थॉर्नडाइकची पेटीत कोंडलेली मांजरं, इथपर्यंत शिकवून झालं. मॅडम समजावून सांगतात, घाई करत नाहीत. आता त्यांनी निरीक्षण वही दिली आहे. घरातला किंवा शेजारचा एक माणूस निवडायचा, पंधरा दिवस पाहायचा. डाव्या पानावर काय दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर ते का घडलं असावं ते.

मी माझ्या सासऱ्यांना निवडलं. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वय ७१. घरचं वावर साडेचार एकर, सगळं कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या महिनाभर आधी आमची बैलजोडी विकली. तेव्हापासून डवरणी (पिकातली कोळपणी) भाड्याच्या जोडीनं आणि नांगरणी ट्रॅक्टरनं होते. बैल गेले, पण मामाजींचं गोठ्यात जाणं काही थांबलं नाही. पहाटे चारला उठून रिकामा गोठा झाडतात. दगडी डोणी घासून पाण्यानं भरतात. मग खुट्याजवळ बसून राहतात. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे त्या डोणीच्या पाण्यावरून घरात रोज कुरबुर होते.

पहिल्या चार दिवसांत पोळाही येऊन गेला. मी डाव्या पानावर लिहिलं, "मामाजी हट्टी आहेत. कोणाचं ऐकत नाहीत. पाणी वाया घालवतात. पोळ्याच्या दिवशी रुसून वावरात गेले, अंधार पडल्यावर आले." मॅडमनी लाल शाईनं चार ठिकाणी गोल केले. हट्टी, ऐकत नाहीत, वाया, रुसून. खाली लिहिलं, "हे दिसलं की वाटलं?"

त्या एका ओळीनं माझी दोन रात्री झोप गेली. आधी वाटलं, हट्ट दिसतोच की. मग भाकरी थापताना लक्षात आलं की दिसतो तो खराटा. दिसते ती बादली. हट्ट मी वरून ठेवलेला आहे.

आता अडचण उजव्या पानाची. घरात प्रत्येकाकडे कारण तयार आहे. आमचे हे म्हणतात, वय झालं. जाऊबाई म्हणतात, सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं म्हणून करतात. शेजारच्या काकू म्हणतात, बाहेरचं काही असेल, पाहून घ्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच म्हणत नाहीत, उठून चहा ठेवतात. पुस्तकातही प्रत्येक प्रकरणात वेगळं कारण. पावलॉव्हच्या हिशोबानं पाहिलं तर पन्नास वर्षं पहाट आणि गोठा सोबत आले, म्हणून पहाट झाली की पाय तिकडे वळतात. पण मग विलोपन का झालं नाही? घंटा वाजते आणि अन्न येत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की कुत्र्याची लाळ थांबते ना. इथे तर तीन वर्षं बैल नाहीत.

यातलं खरं कारण कोणतं हे कसं ठरवायचं? आणि दुसरं, मामाजींना न सांगता त्यांच्याबद्दल वहीत लिहिणं बरोबर आहे का? मॅडमना विचारेनच, पण त्या सोमवारपर्यंत सुट्टीवर आहेत.

अकोल्याकडचा मास्तर

ताई, बावीस वर्षं हा विषय शिकवतो आहे. खराटा दिसतो, हट्ट दिसत नाही, हे वाक्य उद्या माझ्या वर्गात सांगणार आहे.

आधी 'हट्टी' या शब्दाकडे पाहू. मामाजी ऐकत का नाहीत? कारण ते हट्टी आहेत. हट्टी आहेत हे कशावरून? तर ऐकत नाहीत त्यावरून. म्हणजे घाण्याचा बैल झाला, चालला खूप आणि पोचला कुठेच नाही. वागण्याला नाव दिलं की कारण सापडल्यासारखं वाटतं, आणि तिथेच आपण पाहणं थांबवतो. आळशी, तापट, भित्रा, चिकट हे सगळे शब्द असेच. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मला वर्षभरात एवढं एक करून घेता आलं तरी मला पुरे वाटतं.

१९१३ मध्ये वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांडलं होतं की मानसशास्त्रानं बाहेरून दिसतं, मोजता येतं तेवढंच पाहावं. त्याआधी वुण्टच्या परंपरेत माणसाला स्वतःच्या मनात डोकावून सांगायला लावत. वॉटसननं टोक गाठलं आणि पुढे विषय त्याच्याही पलीकडे गेला. माणसाचे विचार, आठवणी, अर्थ लावणं हे सगळं अभ्यासात परत आलं. पण डावं पान उजव्यापासून वेगळं ठेवायची शिस्त त्या काळानं घट्ट केली आणि ती अजून उपयोगी पडते.

विलोपनाची तुमची शंका चोख आहे. दोन गोष्टी पाहा. पावलॉव्हलाच दिसलं होतं की लाळ थांबली तरी शिकलेलं पुसलं जात नाही. थोडी विश्रांती गेली की घंटेला ती आपोआप परत येते. पण मला इथे पावलॉव्हपेक्षा स्किनर जवळचा वाटतो, उंदीर-कबुतरांना दाणा देऊन सवयी कशा लागतात ते पाहणारा मानसशास्त्रज्ञ. गोठा झाडणं ही लाळेसारखी आपोआप होणारी क्रिया नाही, केलेली कृती आहे. कृती टिकते ती तिच्या मागून जे येतं त्यावर. तुम्ही धरून चालला आहात की बैल गेले म्हणजे मागून येणारं सगळंच गेलं. तसं असेलच कशावरून? तुमच्याच लेखनात एक वाक्य आहे, "आत्याबाई उठून चहा ठेवतात." हे डाव्या पानावर आहे का? चहा कुठे जातो, कोण नेतं, मग काय होतं?

आणि हे मागून येणारं रोज यायलाच हवं असंही नाही. स्किनरच्या कामातून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की दर वेळी मिळणाऱ्या दाण्यापेक्षा कधी मिळणारा, कधी न मिळणारा दाणा सवयीला जास्त काळ धरून ठेवतो. तेव्हा एकदा पाहून काही दिसलं नाही तर 'मागून काहीच येत नाही' असं लिहू नका.

उरलेल्या दिवसांत वेळ लिहा. किती वाजता, किती बादल्या, त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय.

परवानगीबद्दल माझं मत ठाम आहे. विचारा. विचारल्यावर त्यांचं वागणं थोडं बदलेल ही भीती खरी आहे, पण तेही तारखेसह लिहिता येतं. घरचा माणूस आहे म्हणून त्याला न विचारता त्याच्यावर वही भरायची, हे मला पटत नाही.

तिसरं वर्ष, वर्धा

ताई, मी पण एसटीनंच जाते. तुमच्या पुढच्या सत्रात सामाजिक मानसशास्त्र येईल, त्यातलं थोडं आधीच सांगते.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण परिस्थितीपेक्षा स्वभावावर जास्त भर देतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला मूलभूत गुणारोपण दोष म्हटलं. त्याच्या दहा वर्षं आधीचा जोन्स आणि हॅरिस यांचा प्रयोग आमच्या सरांनी वक्तृत्व स्पर्धेचं उदाहरण देऊन शिकवला होता. समजा स्पर्धेत चिठ्ठी काढून एखाद्याला विषयाच्या बाजूनं बोलायला लावलं. ऐकणाऱ्यांना माहीत आहे की बाजू त्यानं निवडलेली नाही. तरी भाषण संपल्यावर लोकांना वाटतंच की याचं मत असंच असणार. त्या प्रयोगात क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध होते. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती हे सांगितल्यावरही वाचणाऱ्यांचा कल तोच राहिला.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोची आणि आपल्या म्हैसूरची माणसं घेऊन अभ्यास केला. ओळखीच्या कोणी काही चांगलं किंवा वाईट केलं असेल तर ते का केलं, असं विचारलं. अमेरिकेतली मोठी माणसं स्वभावाकडे बोट दाखवायची. म्हैसूरची मोठी माणसं नात्यांकडे, जबाबदारीकडे, प्रसंगाकडे जास्त जायची. आठ वर्षांच्या मुलांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसा फरक वाढला. म्हणजे कारण कुठे शोधायचं हेही आपण वाढता वाढता आपल्या माणसांकडून शिकतो. हे वाचलं तेव्हा मी आमच्या आजीचं बोलणं नव्यानं ऐकू लागले. ती कोणाला वाईट म्हणतच नाही, "त्याच्यावर तशी वेळ आली" म्हणते.

कास्तकाराची सून

दोघांचे आभार. मास्तर, चहा डाव्या पानावर नव्हता. आत्याबाईंनी चहा ठेवला हे मला निरीक्षणच वाटलं नाही. मी मामाजींना पाहत होते ना, म्हणून त्या मला दिसल्या नाहीत.

वर्ध्याची ताई, म्हैसूरचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या घरात मला उलटं दिसतं. परवा जाऊबाईंना मी विचारलं, तुम्ही या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला का आला नाहीत? त्यांनी पाहुणे, लाइट, पोराचा ताप अशी चार कारणं दिली, आणि चारही खरी होती. त्याच दमात म्हणाल्या, "मामाजीचा स्वभावच तसा." मीही तेच केलं होतं वहीत. स्वतःच्या वेळी सगळी परिस्थिती डोळ्यांसमोर असते. दुसऱ्याच्या वेळी फक्त तो माणूस उभा दिसतो.

धुऱ्यावरून, बुलडाणा

ताई, मी कास्तकार आहे, कॉलेज केलं नाही, पण वाचतो. राग मानू नका, मला तुमच्या विषयाची एक गोष्ट खटकते. सगळं माणसाच्या डोक्यात शोधता. बैलजोडी काहून गेली ते उजव्या पानावर येऊ द्या ना. कडबा महाग झाला, रानात चराई राहिली नाही, ट्रॅक्टर तासावर मिळते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ते वर्ष अजून आमच्या घरातून गेलं नाही. ज्याचं हातचं गेलं तो गप्प बसला तर तो काय मनाचा आजार म्हणायचा? हिशोब मांडा, मग मन मांडा.

अकोल्याकडचा मास्तर

भाऊ, तुमचं म्हणणं विषयाच्या विरोधात नाही, विषयाच्या आतलंच आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास छापून आला होता. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर तर्काच्या आणि लक्ष लागण्याच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, डोकं तेच. तोडणीनंतर त्याच लोकांनी चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. हाताशी पैसा नसतो तेव्हा चिंता विचाराची जागा खाते, असा त्यांचा अर्थ. त्या आकडेमोडीवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले, तेव्हा शेवटचा शब्द म्हणून सांगत नाही. पण 'शेतकऱ्याला कळत नाही' असं कोणी म्हणालं की मी हा अभ्यास पुढे करतो.

आणि परिस्थितीचं वजन ओळखायला आम्ही विषयवालेही चुकतो. मिलग्रामनं १९६३ मध्ये छापलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे झटके दिले, म्हणजे देतो आहोत असं त्यांना वाटत होतं. आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारलं होतं तेव्हा त्यांचा अंदाज होता की हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल. त्यांनी माणसाचा स्वभाव पाहिला आणि खोलीत हुकूम देणारा माणूस, एकेक पायरीनं चढणारं बटण काय करतं ते त्यांच्या हिशोबातून सुटलं.

आशा कार्यकर्ती, अमरावती जिल्हा

वही थोडी बाजूला ठेवून मला विचारायचं आहे. मामाजी जेवतात का नीट? झोप किती? पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात अजून रमतं का? पहाटे चारला उठणं ही जुनी सवय असेल तर वेगळं. बैल गेल्यानंतर झोपच उडाली असेल तर वेगळं. आम्हाला नैराश्याबद्दल नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली शिकवली होती. गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस झालं, एवढंच विचारायचं. त्यानं आजार ठरत नाही, पण कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते कळतं.

मी हे का विचारते, तर आमच्या जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं होतं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी शंभरात साधारण चार जणच उपचारापर्यंत पोचले होते. गावातल्याच शिकवलेल्या माणसांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं, आणि पुढच्या पाहणीत तोच आकडा सत्तावीसच्या आसपास गेला. २०१७ मध्ये ते छापूनही आलं. नैराश्य हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नाही. टेन्शन म्हणतात, चिंता म्हणतात, "जीव लागत नाही" म्हणतात. तोच शब्द धरून बोलावं लागतं.

भाऊंनी विचारलं, मनाचा आजार म्हणायचा का. मी तसं लगेच म्हणत नाही. पण बोंडअळी खरी म्हणून झोप उडालेली खोटी ठरत नाही. गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करता येतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

कास्तकाराची सून

अकरा दिवस झाले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला.

पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर मी मामाजींना सांगितलं की कॉलेजात वही द्यायची आहे आणि त्यात तुमचं लिहिते आहे. त्यांनी विचारलं, "वाईट लिवलं का?" मी आधीची चार दिवसांची पानं वाचून दाखवली. 'हट्टी' वाचताना माझा आवाज बसला होता, तरी वाचलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिही. पण पायलं तेच लिही."

मग रोज पहाटे मीही चारला उठले. एरवी साडेचारला उठून मी थेट चुलीशी जाते आणि सात वाजता बसस्टँड गाठते, त्यामुळे गोठ्याकडची बाजू मी इतक्या वर्षांत त्या वेळी कधी पाहिलीच नव्हती. डाव्या पानावर आता असं आहे. चार वाजून दहा मिनिटांनी खराटा. साडेचारला डोणी, कधी पाच बादल्या, कधी सहा. पाचच्या सुमारास आत्याबाई दोन कप घेऊन गोठ्यात जातात. दोन कप, हे लक्षात घ्या. त्या डोणीच्या काठावर बसतात, मामाजी खुट्याशी. अकरा दिवसांत सगळ्यात कमी बसले ते अठरा मिनिटं आणि सगळ्यात जास्त चाळीस. बोलतात. पाऊस, मावसबहिणीचं लग्न, माझ्या पोरीचे मार्क. दिवसभर घरात आम्ही सात माणसं, टीव्ही, मोबाइल, आणि हे दोघं एकमेकांशी "जेवाले या" आणि "हो" यापलीकडे बोलताना मला दिसले नाहीत. त्यांची बोलायची जागा तीच आहे. बैल होते तेव्हाही तीच असणार.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. मी लिहिलं होतं, पाणी वाया जातं. डोणी रोज रिकामी सापडायची, म्हणून मी समजत होते की ते सांडतं नाहीतर वाळतं. कॉलेजातून आल्यावर मी मागच्या दारात तूर निवडत बसले आणि पाहिलं. साडेपाचच्या पुढे गायकी (गुराखी) गोहन (गावची गुरं) घेऊन परत येतो तेव्हा आमच्या गल्लीत थांबतो. सगळी जनावरं नाहीत, दोन म्हाताऱ्या गाई आणि वासरं तेवढी डोणीवर येतात. अकरापैकी सात दिवस आला, चार दिवस आला नाही. आला की मामाजींना काहीतरी दाखवतो. एकदा खूर, एकदा शिंगाच्या बुडाशी पडलेली जखम. तिसऱ्या दिवशी तर दुसऱ्या वाड्यातला एक पोरगा गोऱ्हा घेऊन आला होता, दात पाहून वय सांगा म्हणून. मामाजी गुडघा धरून उठले आणि त्याचं तोंड उघडून पाहिलं. तेवढ्या वेळात त्यांचा आवाज मोठा होता, घरात असतो तसा नव्हता.

मास्तर, तुमचा कधी मिळणारा आणि कधी न मिळणारा दाणा मी इथे लिहिला आहे, सात आणि चार. चहाचा दाणा मात्र रोजचा.

आता बैल विकण्याचं. मी वहीत एका ओळीत लिहिलं होतं, "मुलांनी बैल विकल्यापासून." आमच्या घरात सगळे तसंच म्हणतात. नवव्या दिवशी मामाजींनी मला थांबवलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. "पोराईनं नाही इकले. मी इकले. डवऱ्यामागं दोन डाव पडलो, गुडघा धरेना. कोणाले सांगतलं नाही. बैल गुणाचे होते, चांगल्या घरी देले." आमचे हे तिथेच बसले होते. तीन वर्षं यांच्या मनात होतं की बाप आपल्यावर नाराज आहे, कारण कडब्याच्या भावावरून विकायचा विषय यांनीच आधी काढला होता. बुलडाण्याचे भाऊ, तुमचा हिशोब खरा आहे, कडबा महाग होताच. पण त्या हिशोबाखाली गुडघा होता आणि तो कोणाला माहीत नव्हता.

आणि पोळा. माझी सगळ्यात मोठी चूक तिथे निघाली. "रुसून वावरात गेले" यातल्या 'रुसून'ला मॅडमनी गोल केला होता. 'वावरात गेले' यावर कोणालाच शंका आली नाही, मलाही नाही. मी फक्त त्यांना वावराच्या पांदणीनं जाताना पाहिलं होतं. ती पांदण वावरापाशी संपत नाही, पुढे नाल्यापलीकडच्या गावाला जाते. मामाजी पोळ्याला त्या गावी जातात. आमची जोडी तिथे आहे. तोरणाखाली उभी राहिली की लांबून पाहतात आणि परत येतात. यंदा खांदेशेकणीलाही गेले होते. लहानपणापासून मी ऐकते, आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते आवतन आताच्या मालकानं यंदा मामाजींना द्यायला लावलं. हे सांगताना मामाजी रडले नाहीत, उलट त्या माणसाचं फार कौतुक करत होते. मीच उठून आत गेले.

आशाताई, तुमचे प्रश्न मी आडून विचारले. जेवण ठीक आहे, दोन भाकरी. नातवाबरोबर हसतात. रात्री नऊला झोपतात आणि पहाटे चारला उठणं लग्नाआधीपासूनचं आहे, हे आत्याबाईंनी सांगितलं. बैल गेल्याच्या पहिल्या वर्षी मात्र झोप नव्हती, असं त्याच म्हणाल्या, आणि ते आम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं. १४४१६ हा आकडा दारामागे खडूनं लिहून ठेवला आहे. गुडघा दाखवायला मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात नेतो आहोत.

उजवं पान मी कसं भरलं ते सांगते. मागून येणारा चहा आणि बोलणं, एक. जनावरांबद्दल कोणीतरी विचारायला येणं, दोन. पन्नास वर्षांची पहाट, तीन. कडबा, ट्रॅक्टर, गुडघा हे वेगळ्या परिच्छेदात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असावं' लिहिलं आहे. मामाजींनी स्वतः सांगितलेलं कारण मात्र डाव्या पानावर घातलं, कारण ते मी ऐकलं आहे. हे बरोबर आहे ना?

एक शेवटचं विचारते. पहिल्या चार दिवसांचं जे चुकीचं लिहिलं आहे, हट्टी, वाया, वावरात, ते खोडून नव्यानं लिहू की वहीची ती पानं बदलू? सोमवारी द्यायची आहे.

अकोल्याकडचा मास्तर

त्यांचं बोलणं डाव्या पानावर, बरोबर. ते का तसं बोलले असावेत हा विचार आला तर तो उजव्या पानावर.

पानं बदलू नका, खोडूही नका. त्याच ओळींखाली आजची तारीख घालून दुरुस्ती लिहा. आणि आत्याबाईंनाही विचारून घ्या, आता वहीत त्याही आहेत.

कास्तकाराची सून

विचारलं. म्हणाल्या, "चहात साखर नसते ते लिवू नको, डॉक्टरनं सांगतलंय त्यायले, घरात कोणाले माहीत नाही."

म्हणून वहीत फक्त 'चहा' लिहिला आहे. इथेही मी सांगायला नको होतं, पण माझं नाव कोणाला माहीत नाही. मंगळवारी गुडघ्यासोबत साखरही तपासून घेऊ.